लागतंय का?

आमच्या घरात टेनिस खेळते ती बायको. मी जाळीबाहेरच्या बाकावर बसतो आणि गुण चुकीचे सांगतो. यात माझा दोष नाही. ज्या खेळात पहिल्या गुणाला पंधरा म्हणतात, दुसऱ्याला तीस म्हणतात आणि तिसऱ्याला पंचेचाळीस न म्हणता चाळीस म्हणून मोकळे होतात, तो खेळ माझ्या डोक्यात शिरत नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. एखाद्या दुकानदाराने असं माप ठेवलं असतं तर मी त्याचा तराजू जागच्या जागी जप्त केला असता.

टेनिसशी माझा संबंध एवढाच होता आणि एवढाच राहिला असता, तर आज मला शर्टाची वरची गुंडी स्वतःच्या हाताने लावता आली असती. पण बायकोचं कोपर दुखू लागलं. तिने ते मला सांगितलं नाही. ती डाव्या हाताने चहा ओतायला लागली आणि मी कौतुकाने म्हणालो, की दोन्ही हातांनी कामं करायची सवय फार चांगली. त्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन मी इथे करत बसत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर मोजकं बोलणारे. त्यांनी कोपर दाबलं, वळवलं, बायकोच्या तोंडून आवाज निघाल्यावर समाधानाने मान हलवली आणि रॅकेट मागितली. तिच्या तारांवर मूठ आपटून पाहिली. फळी आहे ही, म्हणाले, चेंडूचा सगळा धक्का सरळ कोपरात जातोय. मग चिठ्ठी लिहिता लिहिता वर न बघता त्यांनी निकाल दिला.

"रॅकेट बदला, नाहीतर खेळ बदला."

घरी आल्यावर बायकोने रॅकेट कपाटावर बॅगांच्या मागे ठेवून दिली. चालणं हाही उत्तम व्यायाम आहे, उद्यापासून चालायला जाईन, असं म्हणाली आणि कुकर लावायला गेली. आवाजात काही नव्हतं. तेच मला सोसेना. माझी बायको एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात काम करते. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते, घरी येऊन आमच्या ऐकते. मधला संध्याकाळचा एक तास असा होता की तिच्यापुढे फक्त चेंडू यायचा आणि ती तो परत पाठवायची. चेंडू काही म्हणत नाही, असं ती एकदा म्हणाली होती. तो तास जाणार म्हटल्यावर मला अक्षरशः गलबलून आलं. आणि मला गलबलून आलं की मी काहीतरी हाती घेतो, हा आमच्या घरावरचा जुना प्रसंग आहे.

मी रॅकेटच्या दुकानात गेलो. दुकानदार शांत, सडपातळ माणूस. पुढ्यात रॅकेट आवळून धरणारं एक यंत्र, त्यावर तो तारा ओढत बसलेला असतो. गिऱ्हाइकाला रॅकेट घरी न्यायची मुभा देतो. खेळून बघा, पटली तर ठेवा. मी माझी अडचण सांगितली तेव्हा तो म्हणाला, की रॅकेटमध्ये चार गोष्टी बघायच्या. ताकद, म्हणजे चेंडू किती जोरात जातो. फिरकी, म्हणजे चेंडू किती गरगरतो. हाताळणी, म्हणजे रॅकेट हातात कशी वळते. आणि आराम, म्हणजे हाताला धक्का किती बसतो. ताई आहेत त्यांच्यासाठी आराम मुख्य, बाकीचं मागाहून.

चार निकष ऐकून माझ्या अंगात वीज संचारली. इतकी वर्षं मी फक्त वजन आणि माप या दोनच गोष्टी तपासत आलो. शिवाय डॉक्टरांनी बायकोला सध्या अगदी हलके, मोजकेच फटके मारायची परवानगी दिली होती. ते वाटेल त्या रॅकेटवर उधळायचे नव्हते. तेव्हा मी ठरवलं, की आधी माझ्या हातावर चाळणी लावायची आणि पास होईल तीच रॅकेट तिच्या हातात द्यायची. बायकोला हे सांगितल्यावर ती बऱ्याच दिवसांनी हसली. मी तो होकार समजलो.

पहिली तपासणी स्वयंपाकघरात झाली. आमच्या ओट्यावर लहानसा काटा आहे, माझ्याच खात्याचा शिक्का असलेला. रॅकेट त्यावर आडवी ठेवली, वजन वाचायला खाली वाकलो आणि तिचा तोल गेला. तोल कुठे आहे हेही मला बघायचंच होतं, त्यामुळे तपासणी वाया गेली असं म्हणता येणार नाही. पण पडता पडता तिने पिठाचा डबा सोबत नेला. बायको डाव्या हाताने केर काढू लागली. ताकद बघून झाली का, की अजून काही फोडायचंय, असं तिने शांतपणे विचारलं.

डब्याच्या आवाजाने वरच्या मजल्यावरचे गुरुजी खाली आले. गुरुजी निवृत्त भाषाशिक्षक आहेत. त्यांनी पीठ ओलांडून रॅकेट हातात घेतली, चष्मा वर करून पाहिली आणि माझ्या निकषांवर हरकत घेतली. ताकद ही मारणाऱ्याची असते, वस्तूची नव्हे. आराम माणूस करतो, रॅकेट करत नाही. त्यांनी शक्ती, भ्रमण, सुलभता आणि सौख्य असे चार पर्याय सुचवले. रॅकेटकडून सौख्याची अपेक्षा करणं जरा जास्त होईल, असं माझं नम्र मत पडलं. गुरुजी रागावून वर गेले आणि थोड्या वेळाने रागावलेले असतानाच शेकायची पिशवी घेऊन परत आले, कोपरासाठी. गुरुजींचं हे असं आहे.

मग बातमी इमारतभर झाली. मला लिफ्टमध्ये सल्ले मिळू लागले. कुणी म्हणे मुठीला सुती कापड गुंडाळा. कुणी म्हणे टेनिस सोडा, पोहायला घाला. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी टेनिस कधी बघितलंही नव्हतं, पण मेहुणा खेळायचा या अधिकारावर त्यांनी मला अर्धा तास गाडीच्या दाराशी उभं केलं. मला ऑफिसला उशीर झाला. पण खरं सांगतो, माझ्या बायकोच्या कोपरात एवढ्या लोकांना रस आहे हे बघून बरं वाटलं.

आता मैदान. आमच्या वसाहतीचं टेनिस कोर्ट आहे आणि कोर्टाला सेक्रेटरी आहेत. माणूस सज्जन, पण नियमाच्या एक इंच बाहेर पाऊल टाकणार नाही. त्यांनी सांगितलं, की सभासद बायको आहे. सभासदाचा नवरा हा प्रेक्षक. प्रेक्षकाला खेळायचं तर तात्पुरत्या खेळाडूचा पास हवा. पास मिळायला खेळता येतं असा दाखला हवा. दाखला द्यायला समितीने त्याला खेळताना पाहिलेलं हवं. आणि पास नसताना कोर्टावर खेळता येत नाही. मी ही रचना मनातल्या मनात पुन्हा फिरवून पाहिली. कुठेही फट नव्हती. सरकारी नोकर म्हणून मला तिचा हेवा वाटला.

वाट काढली ती पोस्टातल्या मावशींनी. मावशी म्हणजे बायकोच्या खेळातल्या जोडीदार. जन्म पोस्टात काढला, आता निवृत्त आहेत, पण फटका मारतात तो अजून पाकिटावर शिक्का मारावा तसा. त्यांनी नियमावली मागवून वाचली आणि सेक्रेटरींना दाखवून दिलं, की चेंडू वेचणाऱ्याला कोर्टात यायला पास लागत नाही, आणि त्याने रिकाम्या वेळात हातात रॅकेट धरू नये असं कुठेही लिहिलेलं नाही. सेक्रेटरींनी विचार केला आणि मला कोर्टात घेतलं, चेंडू वेचणारा म्हणून. वर पिवळं जाकीट घालायला दिलं. मी राजपत्रित अधिकारी आहे, हे त्या जाकिटावर कुठेही दिसत नव्हतं.

पहिल्या रॅकेटने मी ताकद तपासली. चेंडू जाळीवरून, कुंपणावरून आणि रस्त्यावरून पलीकडच्या दातांच्या दवाखान्यात गेला. ताकद भरपूर, अशी मी मनात नोंद केली. तो चेंडू मागायला गेलो तर तिथल्या बाईंनी मला नंबर लावायला सांगितलं, आणि चेंडू मिळेपर्यंत माझा एक दात किडलेला निघाला. दुसऱ्या रॅकेटने फिरकी तपासली. चेंडू सरळ गेला, मी मात्र स्वतःभोवती एक पूर्ण वळसा घेतला. बाकावरून गुरुजी म्हणाले, की रॅकेट तुमचीच फिरकी घेतेय. तिसरीची हाताळणी बघताना ती घामाने हातातून सुटली आणि सेक्रेटरींच्या खुर्चीच्या पायाशी जाऊन पडली. त्यांनी ती उचलून दिली आणि चेंडू वेचणाऱ्याने वस्तू फेकू नयेत एवढंच म्हणाले.

आराम मात्र एकीतही नव्हता. तिन्ही रॅकेटींनी माझं कोपर दुखलं, खांदा दुखला, पाठीत कुठेतरी एक शीर होती ती दुखली. मी तिन्ही रॅकेटी नापास केल्या. दुकानदाराने हूं की चूं न करता परत घेतल्या. मी डॉक्टरांकडे गेलो, म्हणालो, आराम हा माझा चौथा निकष आहे. ते म्हणाले, तो पहिला करा, आणि मला रबरी पट्टा ओढायचा व्यायाम दिला. शेवटी मावशींनी मला बाजूला घेतलं. अरे बाबा, तू जळमटं काढल्यासारखा मारतोस, कुठलीही रॅकेट दिली तरी तुझा हात दुखणारच, तिची रॅकेट तिलाच बघू दे. मला थोडं लागलं मनाला. पण मावशींचं बरोबर होतं.

चौथी रॅकेट दुकानदाराने कोपऱ्यातून काढून दिली. रंग पोपटी. बऱ्याच जणांच्या हातून फिरलेली, तारा कधीतरी फार पूर्वी बांधलेल्या. संध्याकाळी बायको कोर्टावर उतरली. मावशींनी हलके चेंडू टाकले. पहिला फटका तिने भीतभीत मारला, दुसरा जरा मोकळा. तिसऱ्यानंतर ती थांबली आणि स्वतःच्या कोपराकडे बघत राहिली, कोपर दुसऱ्या कुणाचं असावं तशी. मावशींनीही तीच रॅकेट घेऊन दोन फटके मारले आणि वा म्हणाल्या. बायको जाळीपाशी माझ्याकडे आली. तिचा चेहरा मी विसरणार नाही.

"अहो, लागत नाही," ती म्हणाली. "अजिबात लागत नाही."

मी तिथूनच, पिवळ्या जाकिटातच, दुकानदाराला फोन लावला. त्याने विचारलं, कशी वाटतेय. मी आनंदाच्या भरात ओरडलो, की लागत नाही, अजिबात लागत नाही. तो समजुतीच्या स्वरात म्हणाला, की हरकत नाही साहेब, सकाळी आणून द्या, मी बघतो काय करायचं ते. मला वाटलं, आता आपण घेणार म्हटल्यावर नवी मूठ वगैरे बसवून देत असेल. ऑफिसला जाता जाता मी रॅकेट त्याच्या हवाली केली. संध्याकाळी घ्यायला गेलो तर स्वारी खुशीत होती. आता बघा कसा लागतो, म्हणाला. मी मान डोलावली. दुकानदारांचं सगळं बोलणं ऐकायचं नसतं हे मी नोकरीत शिकलोय, आणि माझ्या डोळ्यांपुढे कालचा बायकोचा चेहरा होता.

त्या संध्याकाळी बायकोने पहिलाच फटका मनापासून मारला. कालच्या रॅकेटवर तिचा विश्वास बसला होता ना. चेंडू बंदुकीतून सुटल्यासारखा गेला आणि रॅकेट तिच्या हातातून गळून पडली. ती कोपर पोटाशी धरून खाली बसली.

लागलं, एवढंच म्हणाली.

मावशी धावल्या, मी धावलो, सेक्रेटरी पास न बघता स्वतः बर्फ घेऊन आले. डॉक्टरांनी कोपर पुन्हा पहिल्यापासून सुजल्याचं सांगितलं आणि काही आठवडे रॅकेटला हात लावायचा नाही म्हणाले. परत येताना रिक्षात ती बाहेर तोंड करून बसली होती. घर जवळ आल्यावर बोलली.

"मी उगाच आशा लावून बसले. आता माझ्यापुढे रॅकेटचं नाव काढू नका."

ती रात्र कशी गेली ते राहू दे. सकाळी मी ऑफिसात न जाता दुकानात गेलो. छापा घालायला जाताना जो चेहरा लावतो तो लावला होता. तुम्ही रॅकेटचं काय केलंत, म्हणून विचारलं. दुकानदार अभिमानाने म्हणाला, की साहेब, सगळ्या जुन्या तारा कापून टाकल्या, कडक तारा चांगल्या ताणून बांधल्या, फटक्याला वजन यावं म्हणून टोकाला थोडं शिसंही चिकटवलं. चेंडू लागत नाही अशी तुमची तक्रार होती, आता असा लागेल की समोरच्याला दिसणारच नाही.

"चेंडू लागत नाही असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच. फोनवर. दोनदा म्हणालात."

"अहो, हाताला लागत नाही म्हणालो मी. म्हणजे दुखत नाही."

दुकानदाराच्या हातातली तार खाली पडली. मग दुखत नाही म्हणायचं ना साहेब, असं तो कसंबसं म्हणाला. मी म्हणालो, दुखत नाही म्हणजेच लागत नाही. तो म्हणाला, आमच्या धंद्यात लागत नाही म्हणजे चेंडू बसत नाही. थोडा वेळ आम्ही दोघं एकाच शब्दाची दोन टोकं धरून ओढत राहिलो. मग मी कालचं सगळं सांगितलं. ऐकून तो मटकन स्टुलावर बसला. भांडायला आलेल्या माणसाची फार पंचाईत होते अशा वेळी. मीच त्याला पाणी दिलं. त्याने दुकान बंद केलं आणि ताईंची माफी मागायला माझ्याबरोबर निघाला.

जिन्यात गुरुजी भेटले. आमचे चेहरे बघून त्यांनी काय झालं ते विचारलं आणि ऐकताच तिथेच पायरीवर बसकण मारली. त्यांना व्याकरणाचा प्रश्न विचारायला कुणी शेवटचं कधी आलं होतं कोण जाणे. लागणे या क्रियापदाचे त्यांनी अर्थ सांगायला सुरुवात केली. दगड लागतो तो वेगळा, आंबट लागतं ते वेगळं, डोळा लागतो, ठेच लागते, नोकरी लागते, दार लागतं, नात्याने कोण कुणाचा काय लागतो तेही वेगळंच. निकाल असा दिला, की दोन्ही पक्ष बरोबर आहेत, पण हे क्रियापद फोनवर वापरण्याच्या लायकीचं नाही. दुकानदार हात जोडून ऐकत होता. मी विचारत होतो, की मग शिसं लावलं त्याचं काय. या गोंधळात आमचं दार उघडलं आणि बायको बाहेर आली. तीन प्रौढ पुरुष जिन्यात बसून एका क्रियापदावर वाद घालताहेत हे तिने ऐकलं, सगळा घोटाळा तिच्या ध्यानात आला आणि ती हसायला लागली. हसता हसता कोपर धरलं. हसल्यावर दुखतं म्हणाली, पण हसायची थांबेना.

एवढं झालं तरी ती खेळायला तयार नव्हती. तिने दुकानदाराला चहा दिला, तुमची काही चूक नाही म्हणाली, पण रॅकेट आता नको. मी रॅकेट दुकानदाराबरोबरच परत पाठवली. आम्ही दोघं रोज सकाळी पलंगाच्या दोन पायांना रबरी पट्टे बांधून समोरासमोर व्यायाम करायचो, ती तिच्या कोपरासाठी आणि मी माझ्या. ती मला मोजून द्यायची. इतकी वर्षं संसार करून आम्ही समोरासमोर असे निवांत क्वचितच बसलो असू.

इकडे दुकानदाराने चंग बांधला होता. शिसं त्याने लगेच काढलं. अडचण अशी, की जुन्या तारा वापरून वापरून नेमक्या किती सैलावल्या होत्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बांधताना ताण मोजता येतो, नंतर तो किती उतरला ते कोण सांगणार. सगळ्यांच्या नशिबाने मावशींनी त्या दिवशी दोन फटके मारले होते आणि त्यांच्या हाताला ते आठवत होते. दुकानदार मऊ तारा सैल बांधून आणायचा, मावशी मारून बघायच्या आणि मान हलवायच्या. तो परत न्यायचा, उसवायचा, पुन्हा बांधायचा. त्याला कोर्टात यायला पास नव्हता. सेक्रेटरींनी त्यालाही पिवळं जाकीट दिलं. मी आधी रुजू झालेलो असल्यामुळे दोघांत ज्येष्ठ मीच होतो.

मावशींनी एकदा लागत नाही म्हटल्यावर दुकानदार दचकला आणि पुन्हा सगळं उसवायला निघाला. तेव्हा सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली, की कोर्टाच्या आवारात 'लागणे' हे क्रियापद वापरताना कोणाला, काय व कुठे याचा स्पष्ट उल्लेख करावा. गुरुजींनी तिचा मसुदा तपासून दिला होता. त्यांचं म्हणणं, की आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या कार्यालयाने भाषेबद्दल काही शहाणपणाचं लिहिलं.

अखेर एका संध्याकाळी मावशींनी फटका मारला, थांबल्या, आणखी एक मारला आणि म्हणाल्या, की हीच ती. डॉक्टरांनीही परवानगी दिली होती. राहिली बायको. मी तिला विचारायचा धीर करत होतो आणि प्रत्येक वेळी रिक्षातला तिचा तो आवाज आठवून पेपर उघडत होतो. तिला पुन्हा आशा लावायला सांगणारा मी कोण. मावशींनी असला काही विचार केला नाही. नेहमीच्या वेळी पांढरे बूट घालून दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मी भिंतीशी खेळून कंटाळले गं. चल."

"मावशी, पुन्हा तसंच झालं तर?"

"तर दोघी चालायला जाऊ. मी येते की तुझ्याबरोबर."

बायको आत गेली आणि पलंगाखालून बूट काढू लागली. मी पेपर वाचत होतो. उलटा धरला होता असं नंतर ती म्हणते.

कोर्टावर आम्ही सगळे होतो. मी आणि दुकानदार जाकिटात, गुरुजी बाकावर, सेक्रेटरी खुर्चीत. मेहुण्याच्या अधिकारवाले गृहस्थही येऊन कुंपणाला टेकले होते. बायकोने पहिले चेंडू नुसते टेकवल्यासारखे परतवले. मग थोडे जोरात. चेंडूचा आवाज मऊ येत होता. मी तिच्या कोपराकडे बघत होतो आणि दुकानदार माझ्याकडे. मग मावशींनी एक चेंडू कोपऱ्यात टाकला आणि बायको त्याच्यामागे धावली, पूर्वीसारखी, आणि पूर्ण हात फिरवून तिने तो मारला. मावशींना तो घेता आला नाही.

ती तिथेच थांबली. रॅकेट काखेत धरली आणि हळूहळू आमच्या बाजूला चालत आली. मान खाली. फलक माझ्या डोक्यावरच होता, पण मला काही सुचलं नाही.

"लागतंय का?" मी विचारलं.

ती धापा टाकत होती. मान वर केली.

"लागतंय," ती म्हणाली.

दुकानदार जमिनीवर बसला. सेक्रेटरींनी टोपी काढली. गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

"अहो, पाणी. पाणी लागतंय. नुसते बघत काय बसलात सगळे?"

मी नळाकडे पळालो. पिवळ्या जाकिटात, चेंडू वेचणाऱ्याच्या अधिकारात. दुखऱ्या हाताने नळ फिरेना तेव्हा मागून दुकानदाराने येऊन तो फिरवला, आणि आम्ही दोघं त्या नळापाशी डोळे पुसत उभे राहिलो. एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. मला त्या वेळी त्या सगळ्या माणसांचे पाय धरावेसे वाटत होते. नियमात राहून मला कोर्टात घेणाऱ्या सेक्रेटरींचे, रागावून शेकायची पिशवी देणाऱ्या गुरुजींचे, हाताने फटका लक्षात ठेवणाऱ्या मावशींचे. आणि ज्याच्या तारा मी माझ्या एका वाक्याने कापायला लावल्या आणि ज्याने त्या न कुरकुरता पुन्हा पुन्हा बांधल्या, त्याचे सगळ्यात आधी. पण तोच हातात ग्लास घेऊन म्हणत होता, साहेब चला, ताई थांबल्यात.

बायको एका दमात पाणी प्यायली. ग्लास माझ्या हातात दिला. मी सवयीने म्हणालो, की आता पहिला दिवस आहे, पुरे झालं असेल तर निघू या. तिने एकदा कोर्टाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मावशींकडे पाहिलं आणि रॅकेटची मूठ पुन्हा नीट धरली.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मला वेळ लागेल."

मी पुढे झालो. घरी येऊन कुकर लावला. तिला यायला चांगलाच उशीर झाला, आणि मी इतक्या आनंदाने आजवर कुणाची वाट पाहिली नव्हती.